इस्मेनी खरंच भित्री होती का? (सोफोक्लीसच्या 'अँटिगनी'मधल्या दोन बहिणी)

वेताळटेकडी

अँटिगनीचा विषय निघाला की गाडी लगेच क्रेऑनवर जाते. राजाचा हुकूम मोठा की देवाचा कायदा, एकटी बाई विरुद्ध सत्ता वगैरे. ते सगळं बरोबरच आहे पण हा धागा त्यासाठी नाही. मला बोलायचंय तिच्या बहिणीबद्दल, इस्मेनीबद्दल, जिला सगळे 'ती दुसरी, घाबरट' म्हणून दोन वाक्यांत निकालात काढतात.

ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ग्रीक नाटककार सोफोक्लीसचं हे नाटक साधारण इ.स.पू. ४४१ च्या सुमाराचं, अथेन्समध्ये लिहिलेलं, गोष्ट मात्र थीब्ज नगरीची. इडिपसला चार मुलं, दोन मुलगे दोन मुली. आईनं गळफास घेतला, बाप डोळे फोडून घेऊन बदनाम होऊन मेला, मग इटिओक्लीस आणि पॉलिनायकीस हे दोघे भाऊ गादीवरून भांडले, पॉलिनायकीस आर्गॉसची फौज घेऊन आपल्याच गावावर चालून आला आणि दोघांनी एकमेकांना मारलं. आता गादीवर क्रेऑन, म्हणजे या मुलींचा सख्खा मामा. त्यानं हुकूम काढला की इटिओक्लीसला मानानं पुरा आणि पॉलिनायकीस उघड्यावर कुत्र्या-गिधाडांना राहू दे, जो त्याला पुरेल त्याला गावादेखत दगडांनी ठेचून मारू.

नाटक सुरू होतं ते या दोन बहिणींपासून. उजाडायच्या आत अँटिगनी इस्मेनीला महालाच्या दाराबाहेर बोलावते, कोणी ऐकू नये म्हणून. इस्मेनीला हुकुमाचा पत्ताच नाहीये. अँटिगनी तिला सांगते आणि त्याच दमात म्हणते की आता कळेल तू खानदानी आहेस की चांगल्या घरात जन्मलेली नालायक. हे लक्षात घ्या हं. बहिणीला बातमी मिळून अर्धा मिनिट झालं नाही तोवर परीक्षा सुरू.

इस्मेनी नाही म्हणते. पण कसं म्हणते ते बघा. ती आधी घरातली मेलेली माणसं एकेक करून सांगते, बाप कसा गेला, आई कशी गेली, दोन भाऊ एकाच दिवशी कसे गेले, आणि मग म्हणते आता आपण दोघीच उरलोय. पुढे ते प्रसिद्ध वाक्य येतं की आपण बायका आहोत, पुरुषांशी लढायला जन्मलो नाही. सगळे तेवढंच धरून बसतात. माझ्या मते तिचा मुद्दा आधीच्या वाक्यात आहे. ती उरलेली माणसं मोजतेय आणि अँटिगनी गेलेली. अँटिगनीचं म्हणणं असं की मला वरच्यांपेक्षा खालच्यांना, म्हणजे मेलेल्यांना, खूप जास्त काळ खूश ठेवायचंय कारण तिथे मी कायमची असणार. या हिशोबात जिवंत बहीण कुठे बसतच नाही.

आणि मग दुसरा प्रवेश. अँटिगनी पकडली जाते, क्रेऑन इस्मेनीलाही ओढत आणतो आणि विचारतो, तुझाही हात होता का. पहाटे 'नाही' म्हणालेली ही मुलगी तोंड उघडते आणि म्हणते हो, मीही केलं, हिची मान्यता असेल तर. शिक्षा मरणाची आहे हे तिला माहितीये. आणि अँटिगनी काय म्हणते? नाही. तू नाही केलंस. तुझा काही संबंध नाही. नुसत्या शब्दांनी प्रेम करणारं माणूस मला नको.

तर प्रश्न असा की भित्री कोण आणि हट्टी कोण हे सोडा, अँटिगनी बहिणीला का झिडकारते? तिला वाचवायचं म्हणून की मरणाचा मान वाटून घ्यायचा नाही म्हणून? मला दुसरं वाटतं. तुम्ही बोला.

तिठा

मस्त विषय. मी अनुवादात वाचलंय, ग्रीक वगैरे येत नाही. मला इस्मेनीचं एक वाक्य आवडतं, ती बहिणीला म्हणते की तुझं काळीज गार गोष्टींसाठी गरम आहे. मढ्यासाठी पेटलेली पोरगी. याच्यापेक्षा चांगलं अँटिगनीचं वर्णन नाटकात दुसरं कोणी करत नाही आणि ते करते ती 'घाबरट' बहीण.

काळा_चहा

धागाकर्तीशी साफ असहमत.

इस्मेनीला मोठं करायची सध्या फॅशन आहे. पहाटे मदत मागितली तेव्हा कायदा, बाईपण, नाइलाज सगळं आठवलं. 'मी मेलेल्यांची माफी मागेन, माझ्यावर जबरदस्ती आहे' असं ती म्हणते, म्हणजे चूक आहे हे तिलाही कळतंय पण करणार नाही. मग सगळं उरकल्यावर येऊन सांगायचं मीपण होते. मेहनत एकीची आणि सही दोघींची? अँटिगनी जे बोलते ते कडू आहे पण खोटं एकही वाक्य नाही त्यात. इस्मेनी खोटं बोलत होती, तिनं माती टाकली नव्हती, मग 'हो केलं' कसं?

आणि प्लीज तिच्या 'गप्प रहा, मीही कोणाला सांगणार नाही' याला प्रेम म्हणू नका. अँटिगनीनं बरोबर उत्तर दिलं, ओरडून सांग सगळ्यांना, गप्प बसलीस तर जास्त राग येईल.

वेताळटेकडी

@काळा_चहा, सहीची उपमा भारी आहे पण सही कशावर करतेय ते बघा की. बक्षिसाच्या पावतीवर नाही करत.

आणि 'नाही' म्हटल्यावर ती क्रेऑनकडे चुगली करायला गेली नाही हेही बघा. उलट त्या प्रवेशाचं तिचं शेवटचं वाक्य असं आहे की जा, वेडेपणा करतेयस पण तुझ्या माणसांना तू खरीच प्रिय आहेस. भांडणात हरलेलं माणूस असं बोलत नाही सहसा. अँटिगनी मात्र तोवर 'तू माझी शत्रू होशील, मेलेल्याचीही शत्रू होशील' इथवर पोचलेली असते. आठ-दहा वाक्यांत सख्खी बहीण शत्रू!

खिडकीपाशी

मी कॉलेजात असताना हे दोन प्रवेश आम्ही बसवले होते, मला इस्मेनी मिळाली होती आणि मी रुसले होते कारण सगळ्यांना अँटिगनी हवी असते. दिग्दर्शकानं सांगितलं होतं की ती नुसती रडकी करू नकोस. वाचताना कळत नाही पण उभं राहून बोलायला लागलं की दुसऱ्या प्रवेशात एक गोष्ट अंगावर येते, दोघी एकेक ओळ बोलतात, ठकठक, तू एक मी एक, आणि त्यात इस्मेनीच्या कितीतरी ओळी प्रश्न आहेत. तुझ्याशिवाय मला जगण्यात काय गोडी? अजून मी तुला काय मदत करू? मला असं दुखवून तुला काय मिळतं? आणि अँटिगनी प्रत्येक प्रश्नाला दार लावते. 'काय गोडी' ला उत्तर देते, क्रेऑनला विचार, तुला त्याची काळजी आहे ना. हे ऐकून तालमीत आमची दुसरी एक मुलगी म्हणाली होती, ही बया टोमणे किती मारते!

पण त्याच्या पुढची ओळ सोडू नका. 'दुखवून काय मिळतं' याला अँटिगनी म्हणते की हसत असले तर दुःखानंच हसतेय. तिथे आमची अँटिगनी दर वेळी अडखळायची, ओळ पाठ होती तरी. आणि लगेच ती म्हणते, स्वतःला वाचव, तू सुटलीस तर मला वाईट वाटणार नाही. त्यामुळे धागाकर्तीनं विचारलेल्या प्रश्नाचं माझं उत्तर असं की दोन्ही आहे. सुरुवातीला मान वाटून घ्यायचा नाही म्हणून झिडकारते आणि बोलता बोलता तिच्या लक्षात येतं की झिडकारलं तर ही वाचेल. नटीला हा बदल दाखवता आला पाहिजे, वाचणाऱ्याला दिसलाच पाहिजे असं नाही.

शेवग्याची_शेंग

+१ खिडकीपाशी. आणि शेवटी वाचतेही ती त्यामुळेच. पुढे वृद्धांचा कोरस, म्हणजे नाटकातला एकत्र बोलणारा समूह, क्रेऑनला विचारतो दोघींना मारणार का, तेव्हा तो म्हणतो नाही, जिनं हात लावला नाही तिला नाही. 'हात लावला नाही' हे त्याला ठासून सांगितलं कोणी? अँटिगनीनं, सगळ्यांसमोर. त्या आधी तर त्याची खात्री होती की दोघींचा कट आहे, घरात ही येरझारा घालत वेड्यासारखी करत होती असं तो म्हणतो, आणि त्यालाच पुरावा धरतो.

काळा_चहा

परिणाम चांगला झाला म्हणून हेतू चांगला होता असं होत नाही ना. पण ठीक आहे, हा मुद्दा पटण्यासारखा आहे, विचार करतो.

गोधडी

अवांतर: अँटिगनीचं लग्न क्रेऑनच्या मुलाशी, हायमनशी ठरलेलं असतं म्हणजे मामेभावाशी! आपल्याकडे बऱ्याच समाजांत मुलाला मामाची मुलगी चालते, मुलीला मामाचा मुलगा सहसा नाही. शिवाय इडिपसनं नकळत स्वतःच्या आईशीच लग्न केलेलं, म्हणजे इथे आई म्हणजेच आजी असल्यामुळे क्रेऑन एका बाजूनं मामा, दुसऱ्या बाजूनं आजीचा भाऊ. या घराची वंशावळ काढायला बसलं तर कागद फाटेल.

दोघींत मोठी कोण हो? मला कायम अँटिगनी थोरली वाटते, दम देते म्हणून.

रानजाई

@गोधडी, सोफोक्लीस थेट सांगत नाही. पण फ्रेंच नाटककार ज्याँ आनुईनं १९४४ मध्ये, जर्मन फौजा पॅरिसमध्ये असताना, हीच गोष्ट नव्यानं रंगमंचावर आणली त्यात त्यानं इस्मेनीला थोरली केलीय, आणि दिसायला सुंदर. अँटिगनी काळीसावळी हडकुळी धाकटी. हायमन एका पार्टीत रात्रभर इस्मेनीबरोबर नाचतो आणि मग जाऊन मागणी घालतो धाकटीला. बिचारी इस्मेनी, तिथेही मागेच.

आता मूळ मुद्दा. मला यात अथेन्सचा संदर्भ महत्त्वाचा वाटतो. बाईनं कोणाच्या तरी ताब्यात असायचं, बाप नाहीतर भाऊ नाहीतर नवरा नाहीतर जवळचा पुरुष नातेवाईक, ही तिकडची कायदेशीर रीत होती. बाप, दोन्ही भाऊ गेल्यावर या दोघी मामाच्याच हातात. म्हणजे इस्मेनी 'आपल्यावर बलवानांचा अंमल आहे' म्हणते ते समोर बसलेल्या प्रेक्षकांना रोजचं व्यवहारी बोलणं वाटलं असणार, भेकडपणा नाही.

पण (आणि हा पण मोठा आहे) त्याच अथेन्समध्ये मढ्याला आंघोळ घालणं, सजवणं, त्याच्यावर रडणं ही बायकांचीच कामं होती. बायका फार जोरात शोक करतात म्हणून सोलोननं, अथेन्सच्या जुन्या कायदेकर्त्यानं, त्यावर बंधनं घातली होती. म्हणजे अँटिगनी काही पुरुषाचं काम हिसकावत नाहीये, ती बाईचंच काम करतेय, फक्त मना केलेल्या जागी. या दृष्टीनं बघितलं तर 'आपण बायका आहोत' हे इस्मेनीचं कारण उलटं तिच्याच अंगावर येतं, कारण बाई आहेस म्हणूनच भावाचं करायला हवं होतंस! मला वाटतं सोफोक्लीसला हे नक्की ठाऊक होतं. दोघी एकाच गोष्टीवर, आपण बहिणी आहोत यावर, बोट ठेवतात आणि दोन टोकांना जातात.

क्रेऑनची बाजू कोणी घेणार असेल तर आधीच सांगते, देशद्रोह्याला आपल्या भूमीत पुरायचं नाही असा कायदा अथेन्समध्येही होता. पण हद्दीबाहेर नेऊन पुरायला बंदी नव्हती. क्रेऑन तर मढं तिथेच उघड्यावर सडवतो, पहारा बसवतो. ते कुठल्याच हिशोबात बसत नाही.

पावसाळी_बेडूक

पॉपकॉर्न घेऊन बसलोय 🍿

एक गंमत माहितीये का कोणाला? मढ्यावर माती दोनदा टाकली जाते. पहिल्यांदा रात्री, पहारेकऱ्यांच्या नकळत, नुसती पातळ धूळ, ना कुदळीची खूण ना गाडीच्या चाकाची. पहारेकरी ती झाडून मढं उघडं करतात. मग दुसऱ्यांदा भर दुपारी वावटळ येते आणि ती शमल्यावर त्यांना अँटिगनी दिसते, घरटं रिकामं बघून ओरडणाऱ्या पाखरासारखी ओरडत, हातात काशाची झारी, तीन वेळा पाणी सोडताना. तर काही अभ्यासक म्हणतात पहिली माती इस्मेनीनं टाकली! गुपचूप, हलक्या हातानं, कोणाला न सांगता, अगदी तिच्या स्वभावासारखं. मग 'मीही केलं' हे खोटं उरतच नाही.

काळा_चहा

😂 आता हे राहिलं होतं.

पहारेकरी क्रेऑनला सांगतो की आम्ही तिला आधीच्या आणि आत्ताच्या, दोन्ही कृत्यांबद्दल विचारलं आणि तिनं काहीच नाकारलं नाही. संपलं. आणि दुसऱ्यांदा तिथे गेल्यावर माती झाडलेली बघून ती झाडणाऱ्यांना शिव्याशाप देते, तिनं आधी टाकलीच नसती तर भडकली कशाला असती.

पावसाळी_बेडूक

ती आपल्या भावाचं मढं उघडं बघून भडकली असेल. आणि न नाकारणं म्हणजे कबूल करणं असं नाही, बहिणीला वाचवायला गप्प बसली असेल. मला स्वतःला हे पूर्ण पटतं असं नाही, पण ही कल्पना डोक्यात ठेवून तो दुसरा प्रवेश वाचून बघा, वेगळंच नाटक होतं ते. अँटिगनीला खरं माहिती आहे, इस्मेनीला माहिती आहे की तिला माहिती आहे, आणि क्रेऑन मधे मूर्खासारखा उभा.

वेताळटेकडी

वाचायला मजा येते मान्य, पण मला ही थिअरी इस्मेनीवर अन्याय वाटते. म्हणजे ती मोठी ठरायला तिनंही अँटिगनीसारखंच काहीतरी केलेलं पाहिजे? तिनं माती टाकली नव्हती आणि तरी मरायला उभी राहिली, यातच तिचं काय ते आहे. केलेल्या कामाची शिक्षा भोगणं वेगळं आणि न केलेल्याची मागून घेणं वेगळं. ती स्वतः कारणही देते, तुझ्या संकटाच्या प्रवासात तुझ्यासोबत व्हायला मला लाज वाटत नाही. तत्त्व-बित्त्व काही नाही, देवाचा कायदा नाही. बहीण चाललीये तर मी पण.

शेवग्याची_शेंग

अजून एक वादाची ओळ सांगते, ५७२ वी. इस्मेनी क्रेऑनला विचारते की पोटच्या मुलाच्या वाग्दत्त वधूला मारणार? क्रेऑनचं उत्तर इतकं घाण आहे, म्हणतो नांगरायला दुसरी शेतं आहेत. आणि मग एक ओळ येते, 'लाडक्या हायमन, तुझा बाप तुझा किती अपमान करतोय.' हस्तलिखितांत ही ओळ इस्मेनीच्या नावावर आहे. पण १५०२ मध्ये व्हेनिसला जी पहिली छापील प्रत निघाली तिच्यात ती अँटिगनीला दिली आणि मग कित्येक संपादकांनी तसंच ठेवलं. का? तर नायिकेनं प्रियकराचं नाव एकदा तरी घ्यायला नको का! कारण ही ओळ काढली तर अँटिगनी अख्ख्या नाटकात हायमनचं नाव घेत नाही. तो तिच्यासाठी जीव देतो आणि ती त्याचा उल्लेखही करत नाही.

मला विचाराल तर ती ओळ इस्मेनीचीच. जिवंत माणसांचा विचार करणारी तीच आहे त्या घरात, बहिणीचा होणारा नवरा सुद्धा तिलाच आठवतो.

तिठा

हे माहितीच नव्हतं, बाप रे. लोकांनी इस्मेनीची ओळ पण उचलून अँटिगनीला दिली.

जिऱ्याची_फोडणी

उशिरा आलोय, मोबाईलवरून टंकतोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

सोफोक्लीसनं बहिणींची हीच जोडी दुसऱ्या नाटकात परत वापरलीय याचा कोणी उल्लेख केला नाही म्हणून आश्चर्य वाटलं. इलेक्ट्रा आणि क्रायसोथेमिस. बाप अॅगमेम्नॉनला आई आणि तिच्या यारानं, एजिस्थसनं, मारलंय. इलेक्ट्रा वर्षानुवर्षं फाटक्या कपड्यात दारात बसून आक्रोश करते, क्रायसोथेमिस मात्र महालात बऱ्यापैकी खाऊनपिऊन आहे, तिचं म्हणणं वादळात शीड खाली घ्यावं. इस्कलस आणि युरिपिडीस या दुसऱ्या दोन ग्रीक नाटककारांच्या याच कथेवरच्या नाटकांत ही बहीण पात्र म्हणून येतच नाही, होमरच्या इलियडमध्ये नाव तेवढं येतं. म्हणजे सोफोक्लीसला ती मुद्दाम पाहिजे होती.

आता गंमत बघा. आईला वाईट स्वप्न पडतं, मेलेल्या नवऱ्यानं चुलीपाशी, म्हणजे त्यांच्या घरच्या पवित्र अग्नीपाशी, राजदंड रोवला आणि त्याला पालवी फुटून सगळ्या मायसिनी नगरीवर सावली पडली. घाबरून ती क्रायसोथेमिसला त्याच्या थडग्यावर नैवेद्य घेऊन पाठवते. इलेक्ट्रा वाटेत तिला अडवते, म्हणते आईचं ते सामान फेकून दे, त्याऐवजी तुझ्या आणि माझ्या केसांची बट आणि माझा हा साधा कमरपट्टा वाहा. आणि क्रायसोथेमिस ऐकते! घाबरत, 'आईला सांगू नका' असं आजूबाजूच्या बायकांना विनवत, पण करते. इस्मेनीपेक्षा एक पाऊल पुढेच म्हणायची.

मग ती थडग्यावरून धावत परत येते, आनंदानं धापा टाकत. थडग्यावर ताजं दूध सांडलेलं, फुलं, आणि कोणाच्या तरी केसांची नुकती कापलेली बट. ती बरोब्बर ओळखते की ओरेस्टिस आलाय, भाऊ जिवंत आहे. आणि खरंच तो आलेला असतो! पण तोवर इलेक्ट्रानं भावाच्या रथशर्यतीतल्या मृत्यूची खोटी बातमी ऐकलेली असते, ती बहिणीला म्हणते वेडे, तो मेला. आणि ती बिचारी मान्य करून गप्प होते. म्हणजे डोळ्यांनी पुरावा बघून आलेल्या बहिणीला धीट बहीण खोट्या बातमीच्या जोरावर चूक ठरवते. मग म्हणते चल आपण दोघी मिळून एजिस्थसला मारू. क्रायसोथेमिस म्हणते अगं तू बाई आहेस, पुरुष नाहीस, तुझ्या हातात तेवढं बळ नाही. कोरससुद्धा तिचीच बाजू घेतो त्या वेळी.

त्यामुळे मला असं वाटतं की सोफोक्लीस 'धीट चांगली, घाबरट वाईट' असं मांडतच नाही. तो या तेजस्वी बायकांना एक बहीण देतो कारण एरवी त्यांच्याशी बरोबरीनं 'अगं थांब' असं कोण बोलणार, आई नाही किंवा वैरी आहे, बाप नाही. आणि ती बहीण बऱ्याचदा बरोबर असते, उपयोग होत नाही एवढंच.

वेताळटेकडी

सुंदर प्रतिसाद. फरक एकच, क्रायसोथेमिस दुसऱ्यांदा आत जाते ती परत येत नाही. इलेक्ट्रासोबत मरायला उभी राहायची वेळ तिच्यावर नाटककार आणतच नाही. इस्मेनीवर आणतो आणि ती उभी राहते. म्हणून मला इस्मेनी जास्त वर वाटते.

रानजाई

आणि इस्मेनी घाबरट नाही याचा दुसरा पुरावा सोफोक्लीसनंच ठेवलाय, म्हातारपणी लिहिलेल्या कोलोनसच्या नाटकात, जे तो गेल्यावर इ.स.पू. ४०१ मध्ये त्याच्या नातवानं रंगमंचावर आणलं. कथेत ते अँटिगनीच्या आधी घडतं. आंधळा इडिपस अथेन्सजवळ कोलोनसला पोचलाय, अँटिगनी त्याचा हात धरून. तेवढ्यात तिला लांबून कोणीतरी येताना दिसतं, सिसिलीच्या एटना भागातल्या शिंगरावर बसलेली बाई, डोक्यावर उन्हाची थेसलीची टोपी, चेहरा झाकलेला. ओळखू येत नाही, मग हसते आणि ओळखते. इस्मेनी! थीब्जहून बापाला शोधत, एका नोकराला घेऊन, गुपचूप देववाणी कळवायला आलेली, आणि हे ती पहिल्यांदा करत नाहीये. बाप म्हणतो मुलगे घरात बसलेत आणि मुली पुरुषांची कामं करतायत. पुढे विधी करायला एकटीच जाते आणि क्रेऑनची माणसं तिला पकडतात.

तिथे दोघींचे स्वभाव किती वेगळे दिसतात बघा, एक बापाबरोबर अनवाणी रानोमाळ फिरते, दुसरी शत्रूच्या घरात राहून बातम्या काढते. दुसरं काम कमी धोक्याचं आहे का? फक्त दिसत नाही.

गोधडी

उन्हाची टोपी घातलेली इस्मेनी ❤️ हिचं चित्र काढायला पाहिजे कोणीतरी.

काळा_चहा

दोन नाटकांमध्ये चाळीसेक वर्षांचं अंतर आहे, पात्र एकच असलं पाहिजे असं काही नाही. एका नाटकातली टोपी दुसऱ्या नाटकातल्या बाईला घालू नका.

बाकी मी अँटिगनीच्या विरोधातला एक मुद्दा स्वतःच देतो, म्हणजे मला भक्त म्हणणार नाही कोणी. मरायला जाताना ती म्हणते हे मी नवऱ्यासाठी किंवा मुलासाठी केलं नसतं, नवरा दुसरा मिळेल, मूलही होईल, पण आईबाप गेल्यावर भाऊ परत मिळणार नाही. जर्मन कवी गटेला हे इतकं खटकलं की हा भाग मागाहून कोणीतरी घुसडलाय असं एखाद्या पंडितानं सिद्ध करावं असं तो म्हणाला होता. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसमध्ये अशीच गोष्ट आहे, इराणच्या राजासमोर एक बाई नवरा सोडून भावाचा जीव मागते. आणि आपल्याकडे पाली जातकातही आहे ती, उच्छंग जातक, ६७ वं, कोसलच्या राजासमोर. फरक असा की त्या दोघी जिवंत भाऊ सोडवतात. अँटिगनी मेलेल्यासाठी तोच हिशोब लावते.

शेवग्याची_शेंग

आणि 'भाऊ परत मिळणार नाही' म्हणणाऱ्या बाईला बहीण परत मिळणार नाही हे सुचत नाही! उलट त्याच शेवटच्या प्रवेशात ती थीब्जच्या पुढाऱ्यांना म्हणते, बघा, राजघराण्यातली उरलेली शेवटची मी. शेवटची? इस्मेनी आत महालात बसलीये अगं! त्या क्षणी अँटिगनीच्या डोक्यात ती बहीण उरलेलीच नाही, घरातली नाहीच. मला नाटकातली सगळ्यात क्रूर ओळ ती वाटते, क्रेऑनच्या शेतांपेक्षाही.

खिडकीपाशी

किंवा ती मुद्दाम नाव घेत नाही. क्रेऑन तिथेच उभा आहे, सुटलेल्या बहिणीची आठवण त्याला कशाला करून द्यायची.

शेवग्याची_शेंग

तू अँटिगनीला फारच चांगलं समजतेस 😄

तिठा

एक प्रश्न राहिलाच, इस्मेनीचं पुढे काय होतं?

रानजाई

या नाटकात काहीच नाही. अँटिगनी गुहेत फास घेते, हायमन तिथेच स्वतःवर तलवार चालवतो, त्याची आई घरात जीव देते, क्रेऑन मला इथून न्या म्हणत ओरडतो आणि या सगळ्यात इस्मेनी कुठे आहे हे एकही पात्र विचारत नाही.

बाहेरच्या कथा आहेत. कीऑस बेटावरच्या आयॉन नावाच्या कवीनं असं सांगितलं होतं की इटिओक्लीसच्या मुलानं, लाओडामासनं, दोघींना हेराच्या देवळात जाळून मारलं. म्हणजे भाच्यानं दोन्ही आत्यांना. त्याहून जुनी कथा मिमनर्मस कवीची, अथेना देवीच्या सांगण्यावरून ट्युडियसनं इस्मेनीला मारलं, ती प्रियकराबरोबर असताना. पॅरिसच्या लूव्र म्युझियममध्ये कॉरिंथचा एक मातीचा कुंभ आहे, साधारण इ.स.पू. ५६० चा, त्यावर हे चित्र आहे. पलंगावर इस्मेनी, ट्युडियस तिच्यावर तलवार उगारून, आणि प्रियकर पळतोय. शेजारी नावं लिहिलीत त्यामुळे शंकेला जागा नाही.

काळा_चहा

थांबा थांबा, म्हणजे मामानं सोडलं आणि ट्युडियसनं मारलं?

रानजाई

नाही हो, दोन वेगळ्या कथा, मिसळू नका. ट्युडियस पॉलिनायकीसच्या बाजूच्या सात सेनापतींपैकी, आणि तो त्याच लढाईत मेला. म्हणजे त्या जुन्या कथेप्रमाणे हुकूम निघायच्या आधीच इस्मेनी संपलेली. सोफोक्लीसनं तिला जिवंत ठेवली म्हणून हे नाटक दोन बहिणींनी सुरू होऊ शकलं.

काळा_चहा

मग माझंच म्हणणं पक्कं झालं की. अँटिगनी उठून दिसावी म्हणून ठेवली तिला, कॉन्ट्रास्टसाठी.

वेताळटेकडी

नुसती कॉन्ट्रास्टसाठी हवी होती तर पहिल्या प्रवेशानंतर तिचं काम संपलं होतं. क्रेऑननं तिला बोलावलीच नसती तरी अँटिगनी मेली असती, हायमन मेला असता, एक धागा हलला नसता. तरी सोफोक्लीस तिला परत आणतो आणि सगळ्या थीब्जसमोर 'मीही केलं' म्हणायला लावतो. ५३६ वी ओळ परत वाचा आणि मग या भांडायला.